स्वतः कंपाइल केलेला कर्नल रूट माउंट करत नाहीये, लॅपटॉपच्या हार्डवेअरप्रमाणे कॉन्फिग नेमका ठरवायचा कसा?

उलटापालट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. लॅपटॉप इंटेल ११व्या पिढीचा आहे, टायगर लेक, एनव्हीएमई डिस्क, त्यावर डेबियन. रूट (सगळी सिस्टिम जिथे असते ते) साधं ईएक्सटी४ फाइलसिस्टिमचं पार्टिशन, एलव्हीएम नाही, एन्क्रिप्शन नाही. डिस्ट्रोचा, म्हणजे डेबियनसोबत आलेला कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) झकास चालतो, तक्रार काहीच नाही, पण मला माझ्या मशीनपुरताच कर्नल बनवायचाय, म्हणजे जे हार्डवेअर आहे त्याचेच ड्रायव्हर, आणि शक्यतो इनिटरामएफएस (रूट उघडण्याआधी मेमरीत येणारी छोटी तात्पुरती फाइलसिस्टिम) शिवाय थेट बूट. मुख्य हेतू समजून घेणे हाच आहे, कुठला ड्रायव्हर का लागतो हे मला कळायला हवं.

सोर्स ६.१२ एलटीएसचा घेतला, मेक डेफकॉन्फिग (डिफॉल्ट कॉन्फिग) केलं आणि मग मेन्यूकॉन्फिगमधे (ऑप्शन निवडायच्या मेनूत) बसून एकेक मेनू बघत एनव्हीएमई, ईएक्सटी४, इंटेल ग्राफिक्स, वायफाय असं सगळं निवडलं. एनव्हीएमई आणि ईएक्सटी४ दोन्ही वाय (कर्नलमधेच) केलेत, एम (वेगळं मॉड्यूल) नाही, हे परत परत तपासलंय. कंपाइल एरर न येता झाला. ग्रबमधे (बूट लोडरमधे) डेबियनच्या एंट्रीची कॉपी करून इनिटआरडीची (इनिटरामएफएस लोड करणारी) ओळ काढली. बूट केलं की पडद्यावर शेवटी हे येतं:

व्हीएफएस: कॅनॉट ओपन रूट डिव्हाइस "यूयूआयडी=..." ऑर अननोन-ब्लॉक(०,०)
आणि त्याखाली कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग.

एनव्हीएमई वाय असूनही डिस्क का दिसत नाही? आणि दुसरा मोठा प्रश्न, मेनूमधे हजारो ऑप्शन आहेत, आपल्या हार्डवेअरला कुठले लागतात हे अंदाजाने न ठरवता शोधायची काही शिस्तशीर पद्धत आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगा, वाचायची तयारी आहे.

कर्नलकाका

आधी पॅनिक वाचायला शिक, त्यात बहुतेक वेळा उत्तर लिहिलेलं असतं. कंसातले दोन आकडे म्हणजे मेजर आणि मायनर नंबर. (०,०) आलं म्हणजे रूट= मधे जे नाव दिलंस त्यावरून कर्नलला कुठलंच डिव्हाइस सापडलं नाही. त्याऐवजी (२५९,२) किंवा (८,१) असं काही आलं असतं तर डिस्क सापडली, पण त्यावरची फाइलसिस्टिम उघडता आली नाही, म्हणजे ईएक्सटी४ राहिलं असा अर्थ. दोन्ही वेळा पॅनिकचं वाक्य सारखंच दिसतं म्हणून लोक फाइलसिस्टिमच्या मागे लागतात आणि वेळ घालवतात.

तुझ्या केसमधे एक चूक तर इथूनच दिसतेय. रूट=यूयूआयडी= हे कर्नलला स्वतःला कळत नाही. तो फाइलसिस्टिमचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) आहे आणि तो वाचून डिस्क शोधायचं काम इनिटरामएफएसमधल्या स्क्रिप्ट करतात. तू इनिटआरडी काढलास, म्हणजे ते काम करणारं कोणी उरलंच नाही. कर्नलला स्वतःला पार्टयूयूआयडी समजतो, कारण तो पार्टिशन टेबलमधेच लिहिलेला असतो, फाइलसिस्टिम उघडावी लागत नाही. ब्लकआयडी कमांड चालव, एकाच ओळीत दोन्ही दिसतील, त्यातला पार्टयूयूआयडी घे आणि रूट=पार्टयूयूआयडी=... असं लिही.

दुसरं म्हणजे त्या एररच्या खाली "हिअर आर द अव्हेलेबल पार्टिशन्स" असं लिहून एक यादी येते. ती यादी इथे टाक. यादी रिकामी असेल तर स्टोरेजचा ड्रायव्हरच लागलेला नाही. यादीत नुसतं एनव्हीएमई०एन१ आहे पण पी१ पी२ नाहीत असं असेल तर जीपीटीचा (पार्टिशन टेबलच्या प्रकाराचा) सपोर्ट, म्हणजे ईएफआय पार्टिशनचा ऑप्शन राहिलाय. सगळं नीट दिसत असेल तर फक्त रूट= चुकलंय. फोटो काढलास तरी चालेल.

शिवाय डेबियनच्या कर्नलवर बूट करून एलएसपीसीआय -एनएनके (पीसीआय डिव्हाइसची ड्रायव्हरसकट यादी) चं पूर्ण आउटपुट दे.

उलटापालट

धन्यवाद काका. पार्टयूयूआयडी दिला, तरी तेच. पार्टिशनची यादी पूर्ण रिकामी आहे, एकही ओळ नाही.

एलएसपीसीआय मोठं आहे म्हणून स्टोरेजचं तेवढं देतो. पत्ता १००००:ई१:००.०, नॉन-व्होलाटाइल मेमरी कंट्रोलर, कर्नल ड्रायव्हर इन यूज: एनव्हीएमई. म्हणजे एनव्हीएमईच आहे ना? मग वाय असून का नाही लागत? बाकी सगळ्या डिव्हाइसचे पत्ते ०००० ने सुरू होतायत, याचाच १०००० ने, ते काय आहे कळलं नाही. याशिवाय ००००:००:०ई.० वर एक रेड (अनेक डिस्क एकत्र जोडणारा) बस कंट्रोलर दाखवतोय, पण माझ्याकडे रेड वगैरे काही नाही, एकच डिस्क आहे.

पत्तेवाली

सापडलं. ते १०००० आणि तो रेड कंट्रोलर, दोन्ही मिळून एकच गोष्ट सांगतायत: तुझी डिस्क व्हीएमडीच्या मागे आहे. इंटेलचं व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस. ११व्या पिढीपासून पुष्कळ लॅपटॉपवर हे फॅक्टरीतूनच चालू करून येतं. होतं असं की एनव्हीएमई डिस्क नेहमीच्या पीसीआय बसवर दिसतच नाही, तिथे फक्त हा व्हीएमडी कंट्रोलर दिसतो आणि त्याचा ड्रायव्हर लागला की तो एक वेगळा पीसीआय डोमेन उभा करतो, त्या डोमेनचा नंबर १००००, आणि त्याच्या आत तुझी डिस्क. त्यामुळे एनव्हीएमईचा ड्रायव्हर कर्नलमधे असूनही त्याला पकडायला डिव्हाइसच नसतं. एलएसपीसीआय मधे ००:०ई.० समोर ड्रायव्हर इन यूज: व्हीएमडी असं लिहिलेलं असेल, बघ.

उपाय सोपा. मेन्यूकॉन्फिगमधे स्लॅश दाब, व्हीएमडी टाइप कर. शोधून दाखवेल: डिव्हाइस ड्रायव्हर्स, मग पीसीआय सपोर्ट, मग पीसीआय कंट्रोलर ड्रायव्हर्स, तिथे इंटेल व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस ड्रायव्हर. ते वाय कर. एम करून चालणार नाही कारण तुला इनिटरामएफएस नकोय, आणि मॉड्यूलची फाइल आहे रूट डिस्कवर, म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच राहिली.

बायोसमधे व्हीएमडी बंद करायचाही पर्याय बऱ्याच मशीनवर असतो, मग डिस्क सरळ ०००० डोमेनमधे येते. पण शेजारी विंडोज असेल आणि ते इंटेल आरएसटी चालू असताना इन्स्टॉल केलेलं असेल तर ते बूट व्हायचं थांबतं, म्हणून आधी विचार कर. मी तरी ड्रायव्हर घालायलाच सांगेन, कारण तुझा हेतूच समजून घ्यायचा आहे आणि मशीन जसं आहे तसं ओळखता आलं पाहिजे.

आणि त्या स्लॅशच्या शोधाबद्दल अजून थोडं सांगते कारण माझ्या मते मेन्यूकॉन्फिगमधली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. तिथे "डिपेंड्स ऑन" खाली काय काय लागतं ते येतं आणि प्रत्येकापुढे सध्या ते वाय आहे की एन आहे तेही असतं. एखादा ऑप्शन मेनूत दिसतच नाही असं झालं तर नव्वद टक्के वेळा त्याची एखादी डिपेंडन्सी एन असते. शोधाच्या यादीत कंसात नंबर असतात, तो नंबर दाबला की थेट त्या जागी जातं. झेड दाबलं की लपलेले ऑप्शनसुद्धा दिसतात.

आता पद्धतीचा प्रश्न. मेनू वाचत वाचत "हे आपल्याकडे असेल, हे नसेल" असं ठरवणं हीच पद्धत मला चुकीची वाटते. हार्डवेअर काय आहे हे चालत्या कर्नलला आधीच माहिती आहे, त्यालाच विचारावं. डेबियनच्या कर्नलवर बूट कर, त्याचा कॉन्फिग /बूट मधे असतो तो सोर्सच्या फोल्डरमधे डॉट-कॉन्फिग नावाने कॉपी कर आणि मेक लोकलमॉडकॉन्फिग चालव. ते एलएसमॉडची (लोड झालेल्या मॉड्यूलची) यादी घेऊन जे मॉड्यूल आत्ता लोड झालेले नाहीत ते सगळे बंद करतं. डिस्ट्रोच्या कर्नलमधे हजारो मॉड्यूल असतात, चालत्या लॅपटॉपवर त्यातले शे-दोनशे लोड असतात, म्हणजे केवढा फरक पडतो बघ. मग उरलेल्या यादीतून बूटसाठी लागणारे हाताने वाय करायचे: व्हीएमडी, एनव्हीएमई, ईएक्सटी४, ईएफआय पार्टिशन, डेव्हटीएमपीएफएस (/डेव्ह मधल्या डिव्हाइसच्या फाइली बनवणारं) आणि त्याचं ऑटोमाउंट. शेवटचं विसरलं की रूट माउंट होतं पण /डेव्ह रिकामं राहतं आणि कन्सोल उघडता येत नाही म्हणून तक्रार येते.

लोकलमॉडकॉन्फिगचा एक धोका मात्र लक्षात ठेव. त्या क्षणी जे लोड नाही ते गेलं. म्हणून चालवायच्या आधी पेनड्राइव्ह लाव, फॅट पार्टिशन माउंट कर, एखादी आयएसओ लूपने माउंट कर, व्हीपीएन सुरू कर, ब्लूटूथचे हेडफोन जोड, बाहेरचा मॉनिटर लाव, कॅमेरा उघड, व्हर्च्युअल मशीन वापरत असशील तर तेही चालू कर, थोडक्यात महिन्याभरात जे जे वापरतोस ते सगळं एकदा हात लावून घे. फॅटच्या बाबतीत एनएलएसची कॅरेक्टर सेटची मॉड्यूलं राहतात आणि मग ईएफआय पार्टिशन माउंट होत नाही, हे फार लोकांना छळतं. एलएमसी_कीप नावाचं व्हेरिएबल देऊन काही फोल्डर जसेच्या तसे ठेवायलाही सांगता येतं, उदाहरणार्थ ड्रायव्हर्स/यूएसबी आणि एफएस.

रात्रपाळी

वरचं सगळं बरोबर आहे, डेबियनचा कॉन्फिग घेतल्यावर जे अडथळे येतील ते आधीच सांगून ठेवतो.

एक, कंपाइल मधेच थांबेल आणि म्हणेल की डेबियन/सर्ट्स मधली पीईएम फाइल बनवायचा नियम नाही. डेबियनने स्वतःच्या सर्टिफिकेटचा पाथ सिस्टिम ट्रस्टेड कीज मधे लिहिलेला असतो आणि ती फाइल तुझ्याकडे नसते. ती स्ट्रिंग रिकामी कर. स्क्रिप्ट्स/कॉन्फिग नावाची छोटी स्क्रिप्ट सोर्समधेच आहे, तिला --सेट-एसटीआर देऊन एका ओळीत होतं, मेनूत जायची गरज नाही.

दोन, डीबग इन्फो बंद कर. डिस्ट्रो ती चालू ठेवतात त्याला त्यांची कारणं आहेत पण तुझ्या डिस्कवर बिल्ड फोल्डर कित्येक जीबीने फुगतो आणि वेळही वाढतो. ती बंद केलीस की बीटीएफ (कर्नलमधल्या डेटा टाइपची माहिती) पण जातं, म्हणजे पाहोल (ती बनवणारं टूल) नाही म्हणून येणारी एररही जाते. पण बीपीएफची (कर्नलमधे छोटे प्रोग्राम चालवायच्या सोयीची) टूल वापरत असशील तर बीटीएफ लागेल, मग पाहोल इन्स्टॉल कर.

तीन, सिक्युअर बूट चालू असेल तर तुझा कर्नल सही नसल्यामुळे लोडच होणार नाही. स्वतःची की बनवून मोकयूटिलने नोंदवता येते.

चार, लोकल व्हर्जनमधे काहीतरी शेपूट लाव म्हणजे मॉड्यूलचं फोल्डर वेगळं राहील. आणि मेक बिनडेब-पीकेजी कर, सरळ डेब पॅकेज तयार होतं, नको झालं की एप्टने काढता येतं, हाताने फाइली शोधत बसावं लागत नाही.

आणि डिस्ट्रोचा कर्नल कधीही काढू नकोस. ग्रबमधे डिफॉल्ट तोच ठेव, ग्रब_डिफॉल्ट=सेव्हड करून ग्रब-रीबूट कमांडने फक्त पुढच्या एका बूटसाठी नवीन कर्नल निवड. कमांडलाइनवर पॅनिक=१० टाक, म्हणजे पॅनिक झाला तर दहा सेकंदांनी मशीन आपोआप रीस्टार्ट होऊन जुन्या कर्नलवर येतं. लांब ठेवलेल्या सर्व्हरवर तर हे केल्याशिवाय नवीन कर्नल लावूच नये असं माझं ठाम मत आहे.

रूटवेट (रूट डिस्क येईपर्यंत थांबायला सांगणारा बूट पर्याय) बद्दल: यूएसबी किंवा एसडी कार्डवर रूट असेल तर ते लागतं कारण डिस्क उशिरा येते. तुला टाकायचं तर टाक, पण रूट= चुकलेलं असेल तर पॅनिक न होता नुसतं वाट बघत बसतं आणि मग पॅनिक=१० चा पण उपयोग होत नाही, म्हणून आत्ता शोधाशोध चालू असताना नको.

बीएसडीपंथी

थोडं वेगळ्या बाजूने सांगतो कारण मी फ्रीबीएसडीवर असतो आणि तिथे हाच प्रश्न दुसऱ्या तऱ्हेने सुटलाय. तिथे इनिटरामएफएसची भानगडच नाही, कारण बूट लोडर स्वतः /बूट मधून कर्नल आणि लोडर.कॉन्फ मधे लिहिलेली मॉड्यूलं दोन्ही मेमरीत आणतो आणि मगच कर्नल सुरू होतो. म्हणजे रूट डिस्कचा ड्रायव्हर मॉड्यूल असला तरी अडत नाही.

कॉन्फिगही एकच टेक्स्ट फाइल असते. जेनेरिक नावाच्या मूळ कॉन्फिगची अख्खी कॉपी करून ओळी खोडण्यापेक्षा नवीन फाइलमधे इन्क्लूड जेनेरिक लिहायचं, आयडेंट मधे आपलं नाव, आणि खाली नको त्यांच्यासाठी नोडिव्हाइस, नोऑप्शन्स. पुढच्या व्हर्जनमधे जेनेरिक बदललं तरी आपली फाइल पाच-दहा ओळींचीच राहते. हार्डवेअरची यादी पीसीआयकॉन्फ -एलव्ही ने मिळते. मेक बिल्डकर्नल, मेक इन्स्टॉलकर्नल केलं की आधीचा कर्नल आपोआप कर्नल.ओल्ड मधे जातो आणि एकदाच ट्राय करायचा तर नेक्स्टबूट -के आहे. लिनक्समधे राहूनही "मी काय बदललं" एवढंच वेगळं लिहून ठेवायची ही सवय घेण्यासारखी आहे.

उलटापालट

बूट झाला!! व्हीएमडी वाय केलं आणि पार्टयूयूआयडी दिला, सरळ लॉगिनपर्यंत गेला. पत्तेवालीताई, त्या १०००० वरून तुम्ही ओळखलंत, मी ते आउटपुट इतका वेळ बघत होतो आणि मला त्यात काही दिसलं नव्हतं. मनापासून आभार.

हा मात्र अजून माझाच हाताने निवडलेला कॉन्फिग आहे, लोकलमॉडकॉन्फिग आज रात्री करणार. तोपर्यंत दोन गोष्टी समजून घ्यायच्यात. टचपॅड मेलेला आहे, कीबोर्ड चालतो. आणि डीमेसेजमधे (कर्नलच्या संदेशांत) आय९१५ (इंटेल ग्राफिक्सचा ड्रायव्हर) म्हणतंय की डीएमसी फर्मवेअर लोड झालं नाही, रनटाइम पॉवर मॅनेजमेंट बंद करतोय. फर्मवेअरची फाइल तर /लिब/फर्मवेअर मधे आहे, मी बघितली.

पत्तेवाली

मस्त! टचपॅडचं सांगते, ते व्हीएमडीसारखंच आहे, एक ड्रायव्हर पुरत नाही, साखळी लागते. हल्लीचे टचपॅड पीएस/२ वर नसतात, आय२सी (छोट्या उपकरणांसाठीची बस) वर असतात. सगळ्यात खाली इंटेल एलपीएसएस, तो आय२सी कंट्रोलरला जिवंत करतो. त्यावर डिझाइनवेअर आय२सी प्लॅटफॉर्म ड्रायव्हर. त्यावर आय२सी एचआयडी एसीपीआय. वर एचआयडी मल्टिटच. हे चारही असून टचपॅड मेलेलाच राहतो असं बऱ्याचदा होतं कारण पाचवा राहतो: पिनकंट्रोल टायगर लेक. टचपॅडचा इंटरप्ट जीपीआयओ पिनवरून येतो आणि ती पिन ओळखणारा हा ड्रायव्हर आहे. नाव बघून कोणालाही वाटणार नाही की याचा टचपॅडशी काही संबंध आहे, म्हणूनच हाताने निवडताना तो सुटतो. कीबोर्ड चालतोय कारण तो अजून जुन्या आय८०४२ कीबोर्ड कंट्रोलरवरच आहे.

आवाज पण तपासून घे. टायगर लेकवर बहुतेक साउंड ओपन फर्मवेअरचा ड्रायव्हर लागतो, एसओएफ टायगर लेक, आणि त्याचं फर्मवेअर वेगळं.

कर्नलकाका

फर्मवेअरचं मी सांगतो. आय९१५ तू वाय केलंस. म्हणजे तो रूट माउंट व्हायच्या आधीच सुरू होतो, फर्मवेअर मागतो, आणि त्या वेळी /लिब/फर्मवेअर अस्तित्वातच नसतं. फाइल आहे हे खरं, पण ज्या क्षणी हवी तेव्हा नाही. दोन रस्ते. आय९१५ ला एम कर, मग तो रूट माउंट झाल्यावर लोड होईल आणि फाइल सापडेल. किंवा वायच ठेवायचं असेल तर एक्स्ट्रा फर्मवेअर या ऑप्शनमधे फाइलचा पाथ लिहायचा, म्हणजे ती कर्नलच्या इमेजमधेच जाते. त्यासाठी फाइल उघडी हवी, एक्सझेड किंवा झेडएसटीने दाबलेली असेल तर आधी सोडवून घे.

वायफायला हेच. आयडब्ल्यूएलवायफाय आणि आयडब्ल्यूएलएमव्हीएम दोन्ही एम ठेव, त्यांना बूटसाठी घाई नाही. माझा साधा नियम: रूट माउंट होईपर्यंत जे लागतं ते वाय, ज्याला फर्मवेअर लागतं ते एम.

एकच अपवाद, मायक्रोकोड. प्रोसेसरचा मायक्रोकोड (त्याच्या आतला प्रोग्राम) अपडेट अगदी सुरुवातीला व्हायला हवा, एरवी तो इनिटरामएफएस बरोबर येतो, तुझ्याकडे तो नाही. म्हणून तो एक्स्ट्रा फर्मवेअर मधेच घालायचा. सीपीयूइन्फो मधे फॅमिली, मॉडेल, स्टेपिंग बघ आणि तिन्ही हेक्समधे कर. ६, १४०, १ असेल तर फाइल इंटेल-यूकोड/०६-८सी-०१. डीमेसेजमधे मायक्रोकोडची ओळ तपास. हे राहिलं तर मशीन चालतं, पण प्रोसेसरच्या सुरक्षेचे फिक्स लागत नाहीत, आणि बायोसबरोबर आला असेल तो जुनाच मायक्रोकोड राहतो.

उलटापालट

पिनकंट्रोल टायगर लेक लावला, टचपॅड चालू. आय९१५ एम केलं, एरर गेली. सीपीयूइन्फो मधे खरंच ६, १४०, १ आहे, मायक्रोकोड पण घातला.

शेवटचं विचारतो, पुढचं ६.१२.x आलं किंवा पुढच्या एलटीएसवर गेलो की हे सगळं पुन्हा करायचं का?

रात्रपाळी

नाही. ६.१२ च्या आतल्या अपडेटला डॉट-कॉन्फिग तसाच कॉपी करून मेक ओल्डडेफकॉन्फिग, झालं. मोठ्या उडीला आधी मेक लिस्टन्यूकॉन्फिग चालव, ते फक्त नवीन आलेले ऑप्शन दाखवतं. ती यादी खरंच वाच, कारण ओल्डडेफकॉन्फिग नव्यांना गपचूप डिफॉल्ट देतं, आणि एखाद्या जुन्या ऑप्शनचं नाव बदललं असेल तर तुझा वाय तिथेच गळून पडतो, कोणी सांगत नाही. म्हणून नंतर स्क्रिप्ट्स/डिफकॉन्फिग ला जुनी आणि नवी फाइल दे, वजा चिन्ह असलेल्या ओळींमधे व्हीएमडी, एनव्हीएमई, ईएक्सटी४, पिनकंट्रोल यांपैकी काही दिसतंय का बघ.

बीएसडीपंथी म्हणाले तसं छोटी फाइल हवी असेल तर मेक सेव्हडेफकॉन्फिग कर, डिफॉल्टपेक्षा वेगळं आहे तेवढंच त्यात उरतं. ती गिटमधे टाक आणि कमिटच्या मेसेजमधे ऑप्शन कुठल्या डिव्हाइससाठी घेतला ते पीसीआय आयडीसकट लिही, व्हीएमडीसाठी तुझ्याकडे बहुतेक ८०८६:९ए०बी असेल, एलएसपीसीआय वरून पक्का करून घे.